छाटणीची तारीख

आमच्या निफाड तालुक्यात लग्नाच्या मुहूर्तापेक्षा जास्त खल द्राक्षाच्या छाटणीच्या तारखेवर होतो. काडीवर कात्री चालली की ती परत जोडता येत नाही, म्हणून.

वेलीची छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच. तुम्ही फेब्रुवारीत खाता तो घड काडीच्या डोळ्यात आदल्या मे-जूनमध्येच धरायला लागतो. तेव्हा आभाळ भरलेलं राहिलं, डोळ्याला ऊन मिळालं नाही, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे तणावा, निघते. डोळा बाहेरून तसाच टपोरा. आत काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायचं, नाहीतर गोडी छाटणीनंतरच्या फुटीची वाट बघायची.

मग प्रश्न तारखेचा. सप्टेंबरात आगाप छाटली तर बाजारात माल थोडा असतानाच आपला तयार होतो, भाव चांगला मिळतो. पण फुलोरा आणि परतीचा पाऊस एका वेळी गाठ पडले तर डाऊनी रोग, गळ, कूज. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटली तर पाऊस बराचसा टळतो. मात्र सगळ्यांचाच माल एकदम निघतो आणि भाव व्यापारी म्हणेल तो.

2023 साली मी 12 सप्टेंबर धरली. सासरे म्हणाले, "हाव बरी नाही, सूनबाई." हाव होतीच. घरावर स्लॅब टाकायचा होता.

"आबा, असू द्या हाव. तारीख माझी."

"मग नंतर रडायचं नाही," एवढंच म्हणून ते बायकांबरोबर काडीच्या डोळ्यांना फुटीची पेस्ट लावायला सरीत शिरले.

परतीच्या पावसातून बाग निभावली. 26 नोव्हेंबरला, रविवारी, गारा पडल्या. पंचाहत्तरावा दिवस, मण्यांत अजून पाणी उतरायचं होतं. पानांची चाळण झाली. गार लागलेल्या मण्यावर दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग दिसायला लागला आणि तिसऱ्या दिवशी मांडवाखाली आंबूस वास. शेजारची बाग ऑक्टोबरातली, ऐन फुलोऱ्यात होती. तीही झोडपली. त्या दिवशी कुणाचीच तारीख बरोबर नव्हती. तरी मी कितीतरी रात्री बोटांवर दिवस मोजत बसले, की पंधरा दिवस थांबले असते तर.

माल गेला म्हणून बाग सोडता येत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. उरलेली पानं टिकवावी लागतात. ती जे अन्न खोडात आणि ओलांड्यात साठवतात, त्याच्यावर एप्रिलची फूट निघते. म्हणून घड नसलेल्या बागेतही ट्रॅक्टर फिरत राहिला, औषधाची उधारी वाढत राहिली. गावात कुणी हसलंही असेल.

स्लॅब अजून झालेला नाही. यंदा तारीख ठरवायच्या वेळी आबांनी काही विचारलं नाही. सप्टेंबर लागताच कात्र्यांना धार लावून आणली आणि ओट्यावर ठेवली. छाटणी 14 सप्टेंबरला झाली. आज एकेचाळिसावा दिवस. बाग फुलोऱ्यात आहे, आणि सकाळपासून ढग आहेत.