हळदीच्या डब्याआधी दहा मिनिटं
घरच्या घरी उपचार : भाग ६

विळीवर कैरी चिरताना बोट कापलं की घरात एकच धावपळ उडते. कोणी हळदीचा डबा काढतं, कोणी कापूस शोधतं, कोणी ‘बोट तोंडात घाल’ म्हणून ओरडतं. ज्याचं कापलंय तो हात झटकत उभा असतो आणि रक्ताचे थेंब ओट्यापासून मोरीपर्यंत सांडत जातात. या गडबडीत एक काम राहून जातं आणि तातडीचं खरं तेवढंच असतं. जखम दाबून धरणं.

स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवायची, दुसऱ्या हाताने घट्ट दाबायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. पूर्ण दहा मिनिटं. मध्येच ‘थांबलं का बघू दे’ म्हणून कापड उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरी घडी ठेवायची, खालची तशीच राहू द्यायची. हात छातीच्या वर धरला तर बिघडत नाही, पण रक्त थांबवण्याचं काम दाबच करतो. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळून बांधणं मात्र नको. किरकोळ जखमेत त्याची गरज नसते आणि विसरलं तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो.

दहा मिनिटं कशासाठी? कातडी कापली की आतली बारीक रक्तवाहिनी आधी स्वतःच आकसते. मग रक्तातल्या प्लेटलेट कापलेल्या कडेला चिकटून जमतात आणि त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या तंतूंचं जाळं विणलं जातं. हे सगळं वाहत्या रक्तात चाललेलं असतं. दाबामुळे वाहणं मंदावतं आणि जमलेल्या पेशी वाहून जात नाहीत. कापड उचललं की ताजं जाळं त्याला चिकटून निघून येतं आणि शरीराला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला उघडून पाहिलेली जखम वीस मिनिटं वाहत राहते, त्याचं कारण हेच.

आता हळद. या विषयावर बोलताना मी नेहमी सांभाळून बोलतो, कारण हळदीवरचा आपला विश्वास आजीच्या हातून आलेला आहे. शिवाय एक अभिमानाची गोष्टही त्याला जोडलेली आहे. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या नावे, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने भारताने त्याला आव्हान दिलं, जुन्या संस्कृत ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले दाखले पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. ती लढाई मोलाचीच होती. पण त्या निकालाचा अर्थ ‘अमेरिकेनेही हळदीचं औषध मान्य केलं’ असा जो लावला जातो, तो चुकीचा आहे. हळदीचा हा वापर भारतात आधीपासून माहीत होता, तेव्हा तो नवा शोध नाही, एवढंच तिथे ठरलं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली चिमूटभर पूड उघड्या जखमेत भरावी का, हा प्रश्न तिथे आलाच नव्हता.

ती भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हळदीतल्या कुरकुमिनला सूज कमी करण्याचे आणि जंतूंना रोखण्याचे गुण आहेत, प्रयोगशाळेत ते दिसलेले आहेत. पण आपल्या डब्यात शुद्ध कुरकुमिन नसतं. हळदीचा कंद मातीतून निघतो, शिजवला जातो, उघड्या खळ्यावर वाळतो, दळला जातो आणि मग महिनोन्‌महिने डब्यात राहतो. त्या डब्यात कधी ओला चमचा जातो, कधी पिठाचा हात. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी शिशाचं रसायन मिसळल्याची प्रकरणं भारत आणि बांगलादेश दोन्हीकडे उघड झाली आहेत. शिवाय जखमेत हळद भरली की रक्त आणि पूड मिळून घट्ट लगदा होतो आणि जखम किती खोल आहे हे कोणालाच दिसत नाही. टाके घालायला आलेल्या माणसाच्या बोटातून तो लगदा खरवडून, धुऊन काढावा लागतो. त्याला ते मूळ कापण्याहून जास्त दुखतं.

मग आजवर हळदीने रक्त थांबत आलं, ते कसं? हळद टाकणारा हात काय करतो ते नीट पाहा. तो पूड टाकतो, वर अंगठा दाबतो आणि चिंधी गच्च बांधतो. रक्त दाबाने थांबतं, श्रेय हळदीला जातं. कॉफी, चहाची पूड, चुना, तंबाखू, कोळिष्टक यांच्या कथाही याच प्रकारच्या आहेत.

गावाकडची मुलं गुडघा फुटला की दगडी पाल्याची पानं चुरडून लावतात. कंबरमोडी म्हणतात ती हीच. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली, पण आता आपल्या प्रत्येक बांधावर आहे. तिच्या अर्कावर अभ्यास झाले आहेत आणि त्यात तथ्य असू शकेल. पण रस्त्याकडेच्या पानावर धूळ आणि कुत्र्याचं मूतही असतं आणि चुरडल्यावर ते सगळं रसाबरोबर जखमेत उतरतं. तुरटीचं थोडं वेगळं आहे. ती वरवरची प्रथिनं गोठवते, त्यामुळे दाढी करताना पडलेल्या बारीक चिरेतलं रक्त खरोखर थांबतं. फक्त तुरटीचा खडा आपला स्वतःचा हवा. सलूनमध्ये एकच खडा दहा गालांवरून फिरत असेल तर लावू देऊ नका, कारण कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो.

रक्त थांबलं की धुणं. इथे साधं पाणी पुरतं. जे पाणी आपण पितो तेच नळाखाली किंवा लोट्याने पाच मिनिटं धार धरून सोडायचं. निर्जंतुक सलाइन आणि पिण्याजोगं नळाचं पाणी यांची तुलना झालेली आहे आणि नळाच्या पाण्याने जंतुसंसर्ग वाढल्याचं दिसलेलं नाही. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं घ्या. शेतावर किंवा प्रवासात पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा आणि बाटली दाबा. बारीक जोरदार धार मिळते आणि माती, वाळूचे कण निघून जातात. धुताना पुन्हा थोडं रक्त आलं तर पुन्हा दाबा. साबण कडेच्या कातडीला लावा. स्पिरिट किंवा बिनपाण्याचं डेटॉल जखमेत ओतू नका. झोंबतं म्हणजे काम करतंय, असं नसतं. जंतूंबरोबर भरून येऊ पाहणाऱ्या पेशीही त्यात मरतात.

मलमपट्टीचं सामान घरात नसेल तर जुनी सुती साडी किंवा धोतर यासारखं दुसरं काही नाही. शेकडो धुण्यांनी त्यातली खळ गेलेली असते, म्हणून ते रक्त चटकन शोषतं. नवं कोरं कापड ते करत नाही. साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेली, इस्त्री फिरवलेली चार फडकी स्वच्छ पिशवीत घालून ठेवा. सॅनिटरी पॅडही उत्तम. तो स्वच्छ असतो, वेगळ्या वेष्टनात असतो आणि शोषण्यासाठीच बनवलेला असतो. संकोचापायी तो वापरायचा राहतो, याचं मला वाईट वाटतं. सुटा कापूस मात्र थेट जखमेवर नको, त्याचे धागे आत अडकतात. दुसऱ्याची जखम हाताळताना हातमोजे नसतील तर हातावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवा.

जखम उघडी ठेवली की लवकर वाळते, हा समजही सोडायला हवा. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की पॉलिथिनच्या पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने येते. खपली नव्या पेशींच्या वाटेत येते, त्यांना तिच्याखालून सरकावं लागतं. म्हणून धुतल्यावर व्हॅसलीनचा पातळ थर, वर पट्टी आणि रोज किंवा ओली झाली की बदल. चिकटलेली पट्टी ओढून काढू नका, आधी पाण्याने भिजवा.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल खूप गोंधळ आहे. गंजाने धनुर्वात होत नाही. त्या जंतूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, गंजका खिळा त्यांना खोल नेऊन सोडतो इतकंच. जखमेवर शेण किंवा माती लावणं त्यामुळेच घातक. नवजात बाळाच्या नाळेला असलं काही लावल्याने पूर्वी कितीतरी बाळं दगावत. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणामुळे 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. लहानपणीच्या सगळ्या लसी झाल्या असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसनंतर दहा वर्षांपर्यंत पुन्हा इंजेक्शन लागत नाही, मातीच्या किंवा खोल जखमेला पाच वर्षांपर्यंत. दर सहा महिन्यांनी टोचून घेण्यात अर्थ नाही. शेवटचा डोस कधी झाला हेच आठवत नसेल तर मात्र घ्या.

दाबून धरण्याची दोन सत्रं होऊनही रक्त येत राहिलं, जखमेचे काठ फाकलेले असले, आत काच रुतली असली (ती उपटू नका) तर दवाखाना गाठा, शक्यतो सहा-आठ तासांच्या आत. घरातून निघण्याआधी एक गोष्ट तपासा. कापलेल्या बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकतो का, सरळ होतो का? टोकाला स्पर्श कळतो का? विळी निसटली की वरून अर्ध्या इंचाची वाटणारी जखम आतला स्नायुबंध कापून गेलेली असू शकते. बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल तर रक्त थांबलेलं असलं तरी थांबू नका. मधुमेहींच्या पायाची जखम कितीही लहान असली तरी दाखवा. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त वेळ दाबावं लागतं. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि कुत्र्या-मांजराच्या बाबतीत वरचा क्रम बदलतो. चावा असो की नखाचा ओरखडा, आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी रुग्णालयात जायचं. रक्त आलं नसलं तरी जायचं. घरच्या मांजराच्या पिल्लाचा ओरखडाही यात आला.

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो, त्याबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर मुलाची मान मागे टाकू नका. त्याला बसवा, थोडं पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा.