घरच्या शाळेचे तीन धडे

मुलांना घरीच शिकवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘आम्हाला कुठे सगळे विषय येतात?’ २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा हा प्रश्न घरोघरी पडला होता. पण आईने दिवसभर फळ्यापुढे उभे राहायची गरज नाही. सकाळी दोन तास वाचन आणि गणित घ्या. बाकीचे आपला परिसर शिकवतो.

अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे. त्याला किती वर्षे झाली, ही वजाबाकी मुलांनाच करू द्या. भिंतीवरची एखादी मूर्ती पाहून चित्र काढू द्या. बदलापूरला पुलावरून उल्हास नदी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा दाखवा. पाण्यातला फरक वहीत लिहायला सांगा. झाले विज्ञान! उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव. शेजारच्या सिंधी आजींना दोन प्रश्न विचारले, की इतिहास जिवंत होतो.

मात्र कागदपत्रांकडे काणाडोळा नको, बरं का! सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे हे २००९ च्या कायद्याने पालकांचे कर्तव्य आहे, म्हणून नाव काढण्यापूर्वी नीट चौकशी करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

आणि संध्याकाळचे मैदान चुकवू नका. भांडण आणि गट्टी या दोन विषयांना सवंगडीच लागतात. तिथे आईचा उपयोग नाही!