धनजी सूरांचे दोन हजार

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या उपनगरांत गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. घाटकोपर असो वा मुलुंड, बोरिवली असो वा अंधेरी, चातुर्मासाच्या आगेमागे एखाद्या रविवारी सकाळी संघाच्या किंवा ज्ञातिमंडळाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात. नव्वद टक्क्यांवरचे विद्यार्थी पहिल्या रांगेत, ऐंशीवरचे त्यांच्या मागे. नवकार मंत्राने आरंभ होतो, दात्यांची नावे वाचली जातात, चांदीचे नाणे आणि प्रशस्तिपत्र हाती पडते, छायाचित्र निघते आणि मग सारे जेवायला उठतात. गणिताचा शिक्षक या नात्याने अशा समारंभांना मी पुष्कळ वेळा पाहुणा म्हणून बसलो आहे. मुलांच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खराच असतो आणि त्यात गैर असे काही नाही. मात्र एक गोष्ट दर वर्षी मनात येते. या सोहळ्यात पैसा आणि शाबासकी ज्यांच्याकडे जाते, त्यांचे काम आधीच पार पडलेले असते.

अशा वेळी उपाध्याय यशोविजयजींच्या चरित्रातला एक प्रसंग आठवतो. पाटणजवळच्या कनोडा गावचा हा जसवंत नावाचा मुलगा. परंपरा सांगते की त्याच्या आईचा भक्तामर स्तोत्र ऐकल्याशिवाय अन्न न घेण्याचा नियम होता. मुसळधार पावसामुळे तिला उपाश्रयात जाता येईना, तेव्हा रोज आईबरोबर जाऊन केवळ कानांनी ऐकलेले संपूर्ण स्तोत्र बाल जसवंताने तिला म्हणून दाखवले. पुढे दीक्षा झाली. विक्रम संवत १६९९ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४३ च्या सुमारास, तरुण मुनी यशोविजयांनी अहमदाबादेत संघासमोर आठ अवधाने केली. सभेत धनजी सूरा नावाचे श्रेष्ठी बसले होते. या मुनींनी काशीला जाऊन षड्दर्शनांचा अभ्यास केला तर दुसरे हेमचंद्राचार्य होतील, असे त्यांनी गुरू नयविजयजींना सांगितले. गुरूंचे उत्तर अगदी व्यवहाराचे होते: काम पैशाचे आहे, काशीचे पंडित मोबदल्याशिवाय शिकवणार नाहीत. धनजी सूरांनी दोन हजार रौप्य दीनार खर्च करण्याची तयारी दाखवली. गुरू स्वतः शिष्याला घेऊन काशीला गेले. तेथे तीन वर्षे आणि नंतर आग्र्याला चार वर्षे अभ्यास झाला, आणि नव्यन्यायाच्या रीतीने जैन दर्शन मांडणारा एक असामान्य ग्रंथकार आपल्याला लाभला.

व्यापाऱ्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही. तयार माल हाती आल्यावर पैसे मोजणे वेगळे आणि पीक शेतात उभे राहण्यापूर्वी बयाणा देणे वेगळे. धनजी सूरांनी बयाणा दिला. शिवाय तो एका दिवसाच्या सत्काराचा नव्हता, कित्येक वर्षांच्या अभ्यासाचा होता, आणि त्यासोबत एक गुरू आपले नेहमीचे विहारक्षेत्र सोडून निघाला होता. पैसा आणि माणूस दोन्ही लागले.

पण बयाणा द्यायचा तर निकालाआधी ओळखायचे कसे? येथे गुणपत्रिका फारशी कामाची नाही. आपल्या नंदीसूत्रात बुद्धीचे चार प्रकार सांगितले आहेत. पूर्वी न पाहिलेल्या, न ऐकलेल्या गोष्टीत एकदम मार्ग काढते ती औत्पत्तिकी. गुरूजवळ विनयाने शिकून येते ती वैनयिकी. काम करता करता हाताला येते ती कर्मजा. हिच्या उदाहरणांत पहिला मान सोनाराचा आहे, जो अंधारातही केवळ स्पर्शाने सोने-रुपे ओळखतो. वयाबरोबर परिपक्व होते ती पारिणामिकी. आपल्या परीक्षा यांतली बहुतांशी एकच, वैनयिकी, मोजतात आणि तीही अर्धीमुर्धी.

औत्पत्तिकी बुद्धीचा नायक आहे रोहक, उज्जयिनीजवळच्या गावातला एका नटाचा मुलगा. राजाने गावाकडे एक मेंढा पाठवला आणि पंधरा दिवसांनी परत मागितला. अट अशी की वजन वाढता कामा नये आणि घटताही कामा नये. गावकरी हवालदिल झाले. रोहकाने मेंढ्याला पोटभर चारा घातला आणि त्याच्यासमोर एक लांडगा बांधून ठेवला. जे चाऱ्याने चढेल ते भीतीने उतरेल! हा मुलगा आजच्या वर्गात असता तर त्याची वही अपुरी, अक्षर वाईट आणि शिक्षकांचा शेरा ‘लक्ष नसते’ असा असण्याची शक्यता मला फार वाटते.

हे मी अनुमानाने म्हणत नाही. माझ्याच वर्गात असा एक होता. तीस वर्षे होऊन गेली. वडिलांचे घाटकोपरला होजिअरीचे दुकान, मुलगा सातवीत. वर्गमूळ काढण्याची पुस्तकी रीत मी शिकवली होती. चाचणीत या मुलाने १४४ मधून आधी १ वजा केला, मग ३, मग ५, मग ७, आणि शून्य येईपर्यंत क्रमाने विषम संख्या वजा करत गेला. बारा वेळा वजाबाकी झाली, म्हणून उत्तर १२. रीत कोणी सांगितली, असे विचारले तर म्हणाला, ‘‘सर, वर्गसंख्यांमधली अंतरे लिहून पाहिली, तर ती विषम संख्याच निघाली.’’ मी त्याचे रीतीचे गुण कापले. पुस्तकाप्रमाणे लिही, असे सर्वांदेखत सांगितले. त्यानंतर त्याने मला काही दाखवले नाही. दहावीला चौऱ्याहत्तर टक्के मिळाले, गुणगौरवाच्या यादीत नाव आले नाही, आणि तो दुकानात बसू लागला. त्याचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही; धंदा त्याने वडिलांपेक्षा वाढवला आहे. कर्मजा बुद्धीला पेढीसारखी शाळा नाही, हेही मला मान्य आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलाने स्वतः होऊन संख्यांचा एक नियम शोधून आणला आणि मी त्याला लाल शाईने परत पाठवले, ही गोष्ट माझ्या खात्यात नावे आहे.

चाळणीतून मोठमोठे जाणकारही चुकतात. अमेरिकेत लुई टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बुद्धिमापन चाचण्यांनी कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. यांपैकी पुष्कळांनी नाव काढले. पण चाचणी देऊनही जी दोन मुले निवडीत बसली नव्हती, ती म्हणजे विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये.

आपल्याकडचा याहून मोलाचा प्रयोग घाटकोपरपासून फार दूर नाही. मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेले हे केंद्र आज ऑलिंपियाडमुळे ओळखले जाते. भारतातून आंतरराष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या मुलांची शिबिरे तेथे होतात. १९९६ ची गणिताची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईतच भरली होती. मात्र आपल्या विषयासाठी मला त्याचे जुने काम अधिक महत्त्वाचे वाटते. १९८० च्या दशकात केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि सु. चं. आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले निवडली आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना सातत्याने मार्गदर्शन केले. घरात पुस्तक नाही, अभ्यासाला कोपरा नाही, अशी ही मुले. पाहता पाहता त्यांची प्रगती दिसू लागली. अडसर बुद्धीचा नव्हता. पाठ्यपुस्तकाच्या अवघड भाषेचा होता, अनुभवाच्या उणिवेचा होता, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या माणसाच्या अभावाचा होता. या कामाच्या नावातच ‘शोध’ आणि ‘जोपासना’ हे दोन शब्द जोडीने होते. आपण शोधाचे सोहळे करतो, जोपासना मात्र मुलाच्या नशिबावर सोडतो. आणि जाता जाता एक: प्रज्ञा आपल्या संघाची वस्ती पाहून जन्म घेत नाही. आपल्या दुकानात डबा घेऊन येणाऱ्या मुलाच्या धाकट्या बहिणीतही ती असू शकते.

शोधाच्या बाबतीत मुंबईत सोय पुष्कळ आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होते. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प, अशी तिची पायरीपायरीची रचना आहे. माझ्या मते यातला प्रकल्प हाच खरा प्राण, कारण तेथे पाठांतर चालत नाही. पण आता या स्पर्धेचेही क्लास निघाले, प्रकल्प ‘तयार’ मिळू लागले, आणि पालकांची धावपळ पदकाकडे वळली. शाळेतून सुटले की एका क्लासला, तेथून दुसऱ्या, रात्री नऊला घरी. ज्या मुलाला एका प्रश्नाशी तासभर एकटे बसायचे आहे, त्याला आपण तेवढा तास तरी ठेवतो का?

या संदर्भात श्रीमद् राजचंद्रांचे उदाहरण आपल्या घरांत सांगण्यासारखे आहे. १८८७ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधान केले आणि सुवर्णपदक मिळवले. कीर्ती दारी चालून आली असताना लवकरच त्यांनी असे जाहीर प्रयोग सोडून दिले. जवाहिऱ्याचा व्यवसाय प्रामाणिकपणे केला आणि बुद्धी आत्मचिंतनाकडे लावली. आपल्या मुलाचे पदक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी हे क्षणभर आठवावे.

प्रज्ञावंतांसाठी वेगळी शाळाच काढावी का, असे पालक मला विचारतात. पुण्यात ती आहे. डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धी ही एक वस्तू नसून तिचे अनेक पैलू आहेत, या गिलफर्ड यांच्या विचारावर तेथील चाचण्या उभ्या राहिल्या, आणि निवडलेल्या मुलांना समाजाच्या प्रश्नांत उतरवण्यावर भर राहिला. काम मोठे आहे. तरी आपल्या उपनगरांत तशी शाळा उभारण्याची घाई मला पटत नाही. जागेचा भाव, परवानग्या, आणि प्रवेशासाठी पुन्हा नवे क्लास! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळाशाळांतून विषयांची मंडळे आणि जादा साहित्य देण्याचाच मार्ग सुचवला आहे.

शिवाय आपल्याजवळ एक नमुना आधीपासून आहे, आणि तो आपण कधी त्या नजरेने पाहिला नाही. संध्याकाळची पाठशाळा. तेथे इयत्ता नसते. आठ वर्षांची मुलगी पंचप्रतिक्रमणाची सूत्रे पाठ करत असते आणि तिच्या शेजारचा बारा वर्षांचा मुलगा अजून सामायिकाच्या सूत्रांवर असतो. कोणी कोणाला थांबवत नाही, कोणाला लाज वाटत नाही. प्रत्येकाने आपली गाथा द्यायची आणि पुढची घ्यायची. शाळेत मात्र हीच मुलगी, जे तिला दोन वर्षांपूर्वीच येते, ते चाळीस मुलांबरोबर पुन्हा ऐकत बसते आणि जांभया देते. पाठशाळेच्याच रीतीने आठवड्यातून एकदा गणित, विज्ञान, भाषा यांची बैठक का होऊ नये? खोली आहे, मुले आहेत, निवृत्त शिक्षक आणि अभियंते प्रत्येक इमारतीत आहेत. खर्च पुस्तकांचा, साध्या उपकरणांचा आणि शिकवणाऱ्याच्या मानधनाचा. ज्ञानखात्यातील द्रव्याला या कामासाठी हात लावायचा नाही, हे उघड आहे. त्यासाठी वेगळा निधी करावा. पूज्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले, तेव्हाही दात्यांनी शिकू इच्छिणाऱ्या मुलांच्या निवासाला पैसे दिले होते, निकाल पाहून नव्हे.

शाळांकडूनही थोडेच मागावे. ज्याला येते त्याला तोच गृहपाठ पुन्हा देऊ नका, वेगळी रीत दिसली तर आधी ऐकून घ्या, आणि एखाद्या विषयात मूल दोन इयत्ता पुढे असेल तर त्या तासाला त्याला वरच्या वर्गात बसू द्या.

तो होजिअरीवाला विद्यार्थी गेल्या पर्युषणात देरासरच्या पायऱ्यांवर भेटला. सोबत नऊ वर्षांची मुलगी होती. ‘‘सर, ही फार प्रश्न विचारते, शाळेतून तक्रार येते,’’ तो म्हणाला. तेव्हापासून ती रविवारी दुपारी आणखी चार मुलांबरोबर माझ्या घरी येते. पहिल्याच दिवशी तिच्या वडिलांची वर्गमुळाची रीत मी त्या पाचांना दाखवली, ती कोणाची हेही सांगितले. पुढच्या रविवारी ती घनसंख्या घेऊन आली. अंतरे १, ७, १९, ३७, ६१ अशी लिहिलेली होती. प्रत्येकातून एक काढला की सहाने भाग जातो, हे तिने स्वतः शोधले आहे. का जातो, ते विचारते आहे. मी अजून सांगितलेले नाही.