नागिणीचे कूळ आणि अत्यवस्थ रोगी

सुलतानपूर-लोणार या आपल्या भागात नागीण ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. कमरेच्या किंवा छातीच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो, आग आग होते, आणि शेजारचा कोणीतरी सांगून जातो की नागिणीचे तोंड शेपटीला भिडले की माणूस संपला. हे खरे नव्हे. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने चालते, आणि तो तंतू अंगाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. त्यामुळे विळखा सहसा पुरा होतच नाही. मात्र ज्याने हे नाव ठेवले त्याची नजर चुकलेली नव्हती. डॉक्टर या रोगकुळाला ‘हर्पीस’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सरपटणे. आणि आपला ‘सर्प’ त्याच धातूच्या भाऊबंदांपैकी आहे.

या कुळाची एक करणी अतिदक्षता विभागाच्या बंद दारामागे चालते. रोगी न्यूमोनियाने किंवा अपघाताने आत गेलेला असतो, नळी घालून यंत्रावर श्वास चालू असतो, आणि आठ-दहा दिवसांनी बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांना कळते की ‘हर्पीस सापडला’. मग दोन गोष्टी होतात. कोणी म्हणतो, इस्पितळाने नवा रोग लावला. आणि कोणी, तो शब्द कोठे तरी गुप्तरोगाच्या संदर्भात ऐकलेला असल्यामुळे, रोग्याच्या चारित्र्याकडे बोट दाखवतो. या दुसऱ्या गोष्टीने घरे मोडतात, म्हणून तिचा आधी निकाल लावू.

माणसाला होणारे या कुळातले विषाणू नऊ. कांजिण्या आणि नागीण हा एकाच विषाणूचा खेळ. तापानंतर ओठाच्या कडेला पुळ्यांचा पुंजका उठतो तो ‘हर्पीस सिम्प्लेक्स’चा पहिला प्रकार; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या आकड्यांवरून केलेल्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतील जवळजवळ दोन-तृतीयांश माणसांच्या अंगात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणी, आईबापांच्या मुक्यातून व लाळेतून मिळतो. तिसरा ‘सायटोमेगॅलो’, आपल्या देशात प्रौढ माणसांपैकी बहुसंख्यांच्या शरीरात त्याचा मुक्काम असतो. तेव्हा नुसता विषाणू सापडला एवढ्यावरून कोणाच्या वागणुकीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

या कुळाची खोड अशी की ते एकदा शिरले की जन्मभर जात नाही. सिम्प्लेक्स चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडतो, कांजिण्यांचा विषाणू कण्यालगतच्या गाठींत, सायटोमेगॅलो रक्त तयार करणाऱ्या पेशींत. प्रतिकारशक्तीचे राखणदार जागे आहेत तोवर तो निजून राहतो. भारी आजारात हे राखणदार आधी बेफाम लढतात आणि नंतर गळून पडतात. त्यात कधी स्टेरॉइडची औषधे द्यावी लागतात, घशातील नळीने आतील त्वचा सोलवटते. एवढी संधी त्याला पुरते. म्हणजे बहुधा रोग बाहेरून आलेला नसतो, घरातलाच जागा झालेला असतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी प्रतिकारशक्ती धड असलेल्या १२० अत्यवस्थ रोग्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांच्या रक्तात सायटोमेगॅलो जागा झालेला आढळला. अशा रोग्यांत इस्पितळात अधिक दिवस राहण्याचे किंवा दगावण्याचे एकत्रित प्रमाण अधिक होते.

मग औषध द्या की, असे कोणीही म्हणेल. इथेच खरी अडचण आहे. विषाणू जागा झाल्यामुळे रोगी खालावतो, की रोगी खालावल्यामुळे विषाणू जागा होतो? धूर दिसला म्हणून आग कोणत्या खोलीत आहे हे कळत नाही. फ्रान्समधील डॉक्टरांनी यंत्रावरच्या, घशात सिम्प्लेक्स सापडलेल्या २३८ रोग्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना ‘असायक्लोव्हिर’, निम्म्यांना नुसते पाणी. २०२० साली निकाल आला. यंत्राविना काढलेले दिवस दोन्हीकडे सारखेच. साठ दिवसांतील मृत्यू औषधाच्या बाजूला शेकडा २२ आणि दुसरीकडे ३३. पण हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणण्याइतका तो पक्का ठरला नाही. शिवाय हे औषध मूत्रपिंडात खडे धरू शकते, म्हणून पाणी भरपूर व मात्रा मोजून द्यावी लागते. तेव्हा घशात विषाणू दिसला तरी डॉक्टर थांबले, तर ती हयगयच असेल असे नाही. फुप्फुसात त्याने खरोखर घर केले आहे काय, हे ते आधी पाहतात.

एका ठिकाणी मात्र थांबणे म्हणजे घात. सिम्प्लेक्स मेंदूत शिरला तर ताप येतो, माणूस असंबद्ध बोलतो, स्वभाव पालटतो, झटके येतात. खेड्यात याला बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि दोन-तीन मोलाचे दिवस जातात. औषध न मिळाल्यास यातले शेकडा सत्तर मरतात; वेळेवर शिरेतून असायक्लोव्हिर मिळाले तर बहुतेक वाचतात, जरी कित्येकांच्या स्मरणशक्तीवर घाव राहतो. पाठीतले पाणी काढून पीसीआर तपासणी करतात. पण अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करायचे असते, आणि ते चौदा ते एकवीस दिवस चालवायचे असते. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पीएच. डी. पुरी केलेली नव्हती. आम्हा पदवीवाचून शिकलेल्यांना हे सांगताना बरे वाटते.

आपल्या बाजूच्या माणसाला अशा उपचारासाठी मेहकर, बुलढाणा, नाहीतर थेट अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेथे इमारतीबरोबर ही तपासणी आणि शिरेतून देण्याचे हे औषध रात्री-अपरात्रीही मिळते की नाही, हे गावकऱ्यांनी जाऊन विचारले पाहिजे.

आणि एक गोष्ट आम्ही संघटनेची माणसे म्हणून सांगतो. रोग्याच्या घशातील कफ ओढून काढणाऱ्या परिचारिकेच्या बोटाला, नखाच्या कडेला, याच विषाणूचे ठणकणारे फोड येतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५९ सालीच इस्पितळातील संसर्ग म्हणून याची नोंद झाली आहे. नखुरडे समजून ते कापू नये. कापल्याने बरे होत नाही, उलट बिघडते. बोट बरे होईपर्यंत त्या बाईला अत्यवस्थ रोग्यांच्या कामावरून दूर ठेवावे, आणि तिची रजा पगारी असावी, नाहीतर ती बोट झाकून कामावर येणारच. हातमोज्यांची जोडी दर रोग्यामागे बदलायची असते. एका पाळीला एक जोडी मोजून देणाऱ्या इस्पितळांत ते कसे व्हावे?