पाव फेरा

नानांची १९६५ सालची बुलेट दोन वर्षे अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. कार्ब्युरेटर खोलून पाहतो तो काय, पेट्रोल सुकून जेटमध्ये डिंकासारखा थर बसलेला! मी तार उचलली.

"तार नको. भोक मोठं होईल. पेट्रोलनं धू आणि फुंकर मार," नाना ओट्यावरून ओरडले.

(धुण्यासाठी घेतलेली बशी चहाची होती, हे सौभाग्यवतींना अद्याप ठाऊक नाही.)

सारे पुन्हा जोडून पायलट स्क्रू हलक्या हाताने पुरता आत बसवला, मग दीड फेरा मागे घेतला. आत वळवला की हवा कमी, मिश्रण दाट. बाहेर काढला की पातळ. चौथ्या किकला इंजिन धडधडले.

नानांना हल्ली ऐकू येत नाही. त्यांनी टाकीवर तळहात टेकून डोळे मिटले.

"अजून पाव फेरा बाहेर," ते म्हणाले.