पवनीच्या तटाआड

रोमन काळाचा माग काढायला इटलीलाच जावे लागते असे नाही. गेल्या शनिवारी आम्ही सहकुटुंब भंडाऱ्याहून पवनीला गेलो. वैनगंगेकाठचे हे नगर रोमनांनी वसवलेले नव्हे; ते मौर्यकाळापासूनचे. पण शेजारच्या नागपूर जिल्ह्यात अडम येथील उत्खननात रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्याबरहुकूम घडवलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या. म्हणजे हा मुलूख तेव्हा काही आडबाजूला नव्हता!

एका बाजूला नदी, उरलेल्या तीन बाजूंना तट आणि खंदक. तट इतका जुना, की मुलांना तो साधे टेकाडच वाटला. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा विटांचा प्रचंड स्तूप निघाला. व्यास सुमारे ३८ मीटर. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली, त्यांत स्त्रियांचीही. सांचीला माणसांची रीघ असते; इथे आम्ही आणि चार शेळ्या.

तटावर आता घरे चढली आहेत. ती हटवा म्हणणे सोपे, पण नांदत्या गावाने जायचे कुठे? निदान उरलेल्या मातीला कुदळ लागू नये, एवढे तरी पाहता येईल.

जाणार असाल तर सकाळीच निघा. बरोबर पाणी ठेवा.