आरसा आणि उचल : राहुलोवाद सुत्ताच्या प्रकाशात दैनंदिन शील

प्रतिवर्षी अशोक विजयादशमीला बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर पंचशील ध्वज फडकतो, आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत धारूर, केज, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार या भागांतील अनेक घरांना कुलपे लागतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील माणसे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी निघतात. वर्षावासात ऐकलेला धम्म त्यांच्यासोबत उसाच्या फडात जातो की कुलूपबंद घरातच राहतो, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

वर्षावासातील एका धम्मचर्चेनंतर एका उपासिकेने आम्हांला विचारले, "सर, पोटात दुखत असताना मोळ्या वाहिल्या. डॉक्टरनं पिशवी काढायला लावली. तरी दुखणं राहिलंच. हे माझ्या मागल्या जन्माचं कर्म म्हणायचं का?" सभेत क्षणभर शांतता पसरली. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रथम 'कर्म' या शब्दाचा बौद्ध अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे.

तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतुपूर्वक केलेल्या निवडीला, कर्म म्हटले आहे. मनुष्य प्रथम संकल्प करतो आणि मग काया, वाचा व मन यांच्याद्वारे कृती करतो. सुखदुःखाचा सारा अनुभव पूर्वकृतामुळेच येतो, हे मत अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात स्पष्टपणे नाकारलेले आहे. सर्व काही ईश्वरनिर्मित आहे आणि सर्व काही अकारण घडते, ही दोन मतेही त्यासोबत नाकारली आहेत. या तिन्ही मतांचा शेवट अक्रियावादात होतो, हे त्यामागील कारण होय. सर्व काही आधीच ठरलेले असेल, तर 'हे करावे, ते करू नये' या विचाराला व प्रयत्नाला जागाच उरत नाही.

संयुत्त निकायातील सीवक सुत्त त्या उपासिकेच्या प्रश्नाच्या आणखी जवळ जाते. वेदनेची आठ कारणे तेथे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, या तिघांचा प्रकोप, ऋतुबदल, शरीराची विषम हाताळणी, बाह्य आघात आणि कर्मविपाक. कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक कारण आहे. जड मोळ्या डोक्यावरून वाहणे, पाळीच्या दिवसांतही विश्रांती न मिळणे, पाण्याची व शौचालयाची सोय नसलेल्या पालात महिनोन्‌महिने राहणे, ही डोळ्यांना दिसणारी कारणे आहेत. ती माणसांनी निर्माण केली आहेत आणि माणसांनाच दूर करता येतात. त्यांवर पूर्वजन्माचा पडदा टाकणे म्हणजे दृष्टी मलिन करणे होय. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची कठोर चिकित्सा केली. गरिबाच्या दुःखाचे खापर त्याच्याच माथी फोडून समाजाला जबाबदारीतून मुक्त करणारी शिकवण बुद्धाची असू शकत नाही, ही त्या चिकित्सेची दिशा आहे.

ही जबाबदारी किती मोठी आहे, हे आकड्यांवरून कळते. स्त्री ऊसतोड कामगारांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सुमारे दर सहा स्त्रियांमागे एक.

मग जबाबदारी कोणाची? येथे मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त आमच्या उपयोगी पडते. अट्ठकथेनुसार त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात ज्या धम्मोपदेशांच्या श्रवणाची व मननाची शिफारस केली, त्यांत असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेल्या उपदेशाचाही उल्लेख आहे. या सुत्तात भगवंत राहुलाला आरशाचे प्रयोजन विचारतात. आरसा पाहण्यासाठी असतो, असे राहुल उत्तर देतो. त्याचप्रमाणे प्रत्येक कृती पुनःपुन्हा पाहून करावी, असे भगवंत त्यास सांगतात. ही कृती माझे, दुसऱ्याचे किंवा उभयतांचे अहित करील काय, हे कृतीपूर्वी पाहावे. तसे असेल तर ती करू नये. करीत असता अहित दिसले तर थांबावे. केल्यानंतर दिसले तर शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सब्रह्मचाऱ्यांपुढे ते उघड करावे आणि पुढे संयम पाळावा. नियतीला दोष देण्यास या तीन वेळांपैकी एकाही वेळी वाव नाही.

हा आरसा आता उचलीसमोर धरून पाहू. हंगामापूर्वी मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो, तीच उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकांप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष खाद्यपदार्थांत वाटा देणे आणि योग्य वेळी सुटी देणे. आजारी स्त्रीच्या नावावर खाडा लिहिणारा मुकादम यांपैकी तीन कर्तव्यांचा एकाच वेळी भंग करतो. कारखान्याची रीतच तशी आहे, असे म्हणून त्याला सुटता येणार नाही, कारण वहीत खाडा लिहिणारा हात त्याचाच असतो. विनाकारण शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या वैद्यालाही हाच न्याय लागू आहे.

परंतु आरसा केवळ दुसऱ्यासमोर धरण्यासाठी नाही. त्याच सुत्तात सेवकाने दिलेलेच घ्यावे आणि काम नीट करावे, असेही सांगितले आहे. एकाच हंगामासाठी दोन मुकादमांकडून उचल घेणे अदिन्नादानापासून दूर नाही. मात्र दोन्ही पारडी सारखी आहेत, असे आम्ही म्हणत नाही. कर्ज फेडेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या बंधबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविला आहे. ज्याच्या हाती अधिक सत्ता त्याच्या चेतनेचा परिणाम अधिक जणांवर होतो, म्हणून त्याची जबाबदारीही अधिक, असा आमचा निष्कर्ष आहे.

घरातही हा आरसा हवा. कोयता दोघांचा असतो, पण उचलीची रक्कम बहुधा पुरुषाच्याच हाती पडते. सिगालोवाद सुत्तात घराचा अधिकार पत्नीच्या स्वाधीन करणे हे पतीच्या पाच कर्तव्यांपैकी एक मानले आहे. उचलीचा काही भाग दारूत जात असेल, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा मोडते आणि पत्नीच्या श्रमाचीही चोरी होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये हे प्रमाण ८९४ होते. गर्भातील मुलीविषयीचा निर्णय कोणत्याही मुकादमाच्या वहीत लिहिलेला नसतो. तो घराघरांत घेतला जातो. कोणतेही गाव वा समाज त्यापासून स्वतःला आपोआप अलिप्त समजू शकत नाही.

एकट्याने आरसा पाहणे कठीण असते, म्हणून धम्मात कल्याणमित्रतेला मोठे स्थान आहे. हंगामाला निघण्यापूर्वी विहारात एक बैठक घ्यावी, असे आम्हांला वाटते. प्रत्येक कोयत्याची उचल पती-पत्नी दोघांच्या समक्ष वहीत लिहावी. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेतल्याविना होकार देऊ नये, असे सर्वांनी ठरवावे. ज्यांची मुले गावी राहणार आहेत त्यांच्या शाळेकडे कोणी लक्ष द्यायचे, हे नावानिशी ठरवावे. हंगाम संपवून माणसे परतली की तीच वही पुन्हा उघडावी. त्या वहीत काय चुकले तेही लिहिता आले पाहिजे.

त्या उपासिकेला आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले, "ताई, हे तुमच्या मागल्या जन्माचं कर्म नाही. इतक्या जणांनी या जन्मी केलेल्या कर्मांचा भार तुमच्या अंगावर आला आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग ते या जन्मी बदलता येईल." कर्मसिद्धान्ताचा याहून नेमका अर्थ आम्हांलाही सांगता आला नसता.